बल्लारपूरची ती

निवारण मंडलनं बल्लारपुरात एक बाई ठेवली आहे, ही कुजबुज कोसमटोल्यात पहिल्यांदा ऐकू आली ती सत्त्याहत्तर साली. पुढं तीस-बत्तीस वर्षं ती बातमी दर महिन्याला ताजी होत राहिली, कारण निवारण दर महिन्याला बल्लारपूरला जात राहिला. आष्टीच्या चौकात ही बाई गोरी होती. घोटला पोचेपर्यंत सावळी झाली, पण नाकात सोन्याची फुली आली. मुलचेऱ्यात तिला दोन पोरंही झाली. बातमीला पाय असतात म्हणतात. आमच्या भागात तिच्याजवळ एसटीचा पास असतो.

तो पास कोणी दिला म्हणाल, तर मीच. मी त्या वेळी मुलचेरा-बल्लारपूर गाडीवर कंडक्टर होतो आणि निवारण माझा शेजारी होता. शेजाऱ्याची बातमी शेजाऱ्यानं नाही पसरवायची तर कोणी?

निवारण मूळचा खुलन्याकडचा. चौसष्ट साली दंगलीत घर गेलं, तेव्हा आई आणि एक पितळी तांब्या घेऊन तो सरहद्द ओलांडून आला. रायपूरजवळच्या छावणीत पाच वर्षं काढली. आई तिथंच गेली. मग सरकारनं शेकडो बंगाली कुटुंबं आमच्या जंगलात आणून वसवली, त्यांत हा बावीस-तेवीस वर्षांचा गडी तांब्यासकट उतरला. काडीसारखा देह, छातीपर्यंत दाढी, आणि नाव निवारण. त्याच्या बापाला काय ठाऊक, की या पोराला एक दिवस महाराष्ट्रात रेशन कार्ड काढावं लागणार आहे!

कचेरीतल्या बाबूनं विचारलं, "नाव?"

"निबारण."

"कशाचं?"

"माझा."

"अरे बाप्पा, तक्रार कशाची आहे म्हणतो मी."

"तक्रार नाई. निबारण."

बाबूनं त्याला तक्रारीच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाबूनं परत रेशनच्या खिडकीवर. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी उमगलं की हे माणसाचं नाव आहे. तेव्हापासून गावात कोणाची म्हैस हरवो की नवरा-बायकोचं वाजो, लोक म्हणत, "जा ना निवारणकडे, नावच तसं आहे त्याचं." आणि तो खरंच म्हैस शोधायला निघायचा.

त्याची मराठी हा आमच्या गावाचा फुकटचा तमाशा होता. बंगालीत म्हणे सगळंच खातात. पाणी खातात, चहा खातात, विडीपण खातात. त्यामुळं निवारण कोणाच्या दारात गेला की म्हणायचा, "थोडा पाणी खाते." आणि बाईमाणूस-बाप्यामाणूस हा भेद तर त्याच्या जिभेला कधी कळलाच नाही. "मी बाजारात गेली. माझी सासरा चांगली आहे. मंगली पाणी आणायला गेला." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, तोपण हसायचा. आपण का हसून राह्यलो हे त्याला नेहमी दुसऱ्या दिवशी कळायचं.

एक शब्द मात्र त्याला महागात पडला. मराठीत 'धरा' म्हटलं की माणूस हात पुढं करतो. बंगालीत 'दाँड़ा' म्हणजे थांब, उभा राहा. निवारणच्या कानात दोन्ही शब्द एकाच दारानं शिरायचे. आमच्या गावचा जंगू सिडाम, मोठा मानी गोंड माणूस, एकदा मोहाची गरम हंडी चुलीवरून उतरवत होता. निवारण बाजूला उभा. जंगू ओरडला, "धर! अबे धर!" हा जागच्या जागी ताठ, शेतातल्या बुजगावण्यासारखा. हंडी खाली, मोह मातीत. जंगू कपाळाला हात लावून बसला, "पयल्या धारेची होती लेका!" आणि कुडाच्या आड जंगूची पोरगी हसत सुटली. ती मंगली.

हसण्यापासून लग्नापर्यंत जायला दोन वर्षं लागली. बंगाल्यांच्या वस्तीत बोंब झाली की निवारण जंगली झाला. आमच्या टोल्यात बोंब झाली की मंगली बंगाली झाली. गोंडांत लग्नाआधी देव विचारतात. चार देवे, पाच देवे, सहा, सात, अशी घराणी. आपल्या देवांच्या घरात सोयरीक चालत नाही. पंचायत बसली. भूमक, म्हणजे त्यांचा पुजारी, निवारणला म्हणाला, "तुमचे देव किती?"

निवारण छाती काढून म्हणाला, "तेत्तीस कोटी."

जंगू मधेच म्हणाला, "इतक्या देवाईले कोंबडे कोण देईन?"

शेवटी मंगली सात देवांची म्हणून निवारणला सहा देवांच्या एका घरानं मांडीवर घेतलं, आणि तेत्तीस कोटींमधले बाकीचे देव माफ झाले. त्यानं सासऱ्याकडं एक पावसाळा राबून दिलं. जंगूला मासे पकडायचं नवं जाळं विणून दिलं. जंगूचा राग गेला, पण मरेपर्यंत तो जावयाची ओळख "मायी हंडी फोडनारा" अशीच करून द्यायचा.

त्या घरासारखं घर मी दुसरं पाहिलं नाही. निवारण पोराशी बंगालीत बोलायचा, मंगली गोंडीत, पोरगा चंदन दोघांना झाडी बोलीत उत्तर द्यायचा. चंदननं पुढं बायको केली ती तलावाकाठच्या ढिवरांची कुंता. आता मासा म्हटलं की तिन्ही घराण्यांचा जीव. निवारणला मासा मोहरीत पाहिजे, मंगलीला अंबाडीच्या आंबटात, आणि कुंता म्हणे, "मासे पकडनारे आमी, आमाले कोण शिकवते?" एका चुलीवर तीन गंज, म्हणजे पातेली. निवारण तिन्हींतलं खायचा आणि प्रत्येकीला हळूच सांगायचा, "तुझाच चांगली." तिघांच्या भांडणात त्या घराचं जेवण आमच्या घरापर्यंत यायचं, म्हणून मी ते भांडण कधी मिटू दिलं नाही.

त्या घरात एक गंमत होती. कोणी कोणाला वस्तू देताना 'धर' म्हणत नसे. 'घे' म्हणत. चंदन लहान असताना एकदा मी त्याच्या हातात पेरू दिला आणि म्हणालो, "धर रे." तर मंगलीनं माझ्याकडं असं पाहिलं की पेरूच आंबट झाला. मला वाटलं, जंगूच्या हंडीची आठवण असेल.

तर बल्लारपूर. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात लक्षात आलं की निवारण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या गाडीत बसतो. हातात पत्र्याचा डबा, त्यात पाणी आणि जिवंत मांगूर मासे. गाडी खड्ड्यात गेली की डबा आतून ढोल वाजवायचा. मंगलीनं बांधून दिलेले मोहाचे लाडू. आणि काखेत एक लहान पेटी. एकदा गोंडपिपरीजवळ ती उघडी पडली. आत वस्तरा, ब्रश, तुरटीचा खडा आणि गोल आरसा.

कंडक्टरच्या पोटात तिकिटं राहतात, गोष्टी राहत नाहीत. मी विचारलं, "काऊन जी निवारणभाऊ, दर महिन्याले बल्लारपूर? कोण हाये तिथी?"

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "ती आहे."

"ती?"

"माझी बाट पाहते. मी नाई गेली तर ती जेवत नाई." मग जरा थांबून, "कोणाले सांगू नको, देवराव."

आता तुम्हीच सांगा. माणूस 'ती' म्हणतो, लाडू नेतो, साजशृंगाराची पेटी नेतो, वर कोणाले सांगू नको म्हणतो. मी परतीच्या फेरीत कोठारी येईपर्यंत दम धरला, हीच माझी कमाल. तिथं ड्रायव्हरला सांगितलं, बस्स. त्यानं हॉर्न वाजवत सगळ्या रस्त्याला सांगितलं.

माझी बायको सीता धुण्याच्या दगडावर मंगलीला म्हणाली, "काऊन वं मंगली, तुले राग नाई येत? तो तिकडे जाते."

मंगली कपडा पिळत म्हणाली, "जाऊ दे ना. तिकडून आला का चार दिवस लय गुमान राह्यते. तुया देवरावलेबी पाठव."

सीतेनं ते घरी येऊन मला सांगितलं, आणि मी पुढं दोन महिने त्या गाडीवर सुट्टी मारली.

दोन हजार नऊ साली निवारण बल्लारपूरहून आला तो डोकं भादरून. मंगलीनं तेराव्या दिवशी पन्नास माणसांचा स्वयंपाक केला. जेवण कशाचं, कोणी विचारलं नाही. जेवले मात्र सगळे. पानावर बसून आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो, "बाई मेली वाटते." आणि मंगलीचं मन केवढं मोठं, यावर दोन दिवस चर्चा. त्यानंतर निवारण बल्लारपूरला कधी गेला नाही. पेटीही परत आणलेली दिसली नाही.

म्हातारपणी तो अंगणात बसून जाळी विणायचा. नात रंजीता त्याची मराठी सुधारायची. "आजा, मी गेली नाई. मी गेलो."

"तू कुठे गेलो?"

"मी नाई, तू!"

"मी तर इथीच आहे बाबा."

दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा भूमकानं गोंडीत मंत्र म्हटले, वस्तीतल्या बंगाल्यांनी खोल-करताल, म्हणजे त्यांचे मृदंग-टाळ, वाजवून कीर्तन केलं, आणि ढिवरांच्या कुंतानं त्याच्या हातात जाळ्याची सुई दिली. कोणाचा देव त्याला न्यायला आला, देव जाणे. भांडण झालं नाही एवढं खरं.

आता खरी गोष्ट इथून आहे. रंजीता आष्टीला दवाखान्यात नर्स आहे. ऊर्जानगरला ठेक्यावर कामाला असलेल्या अंकुश टेकामशी तिचं जुळलं. पोट्टा चांगला, घर बल्लारपूरचं, स्टेशनमागं. बैठक झाली, सुपारी फुटली. आठ दिवसांनी अंकुशच्या मायचा, साधनाबाईचा, कुंताला फोन आला. लग्न थांबवा.

कारण काय, तर बल्लारपुरातही एक कुजबुज होती. अंकुशची आजी रंभाबाई स्टेशनजवळ चहा-भज्यांचं दुकान चालवायची. नवरा कंबर मोडून खाटेवर. आणि दर महिन्याला तिच्या घरी एक दाढीवाला बंगाली यायचा, डब्यात मासे घेऊन. नवऱ्याची कंबर मोडल्यावर काही महिन्यांनी रंभाबाईला पोरगा झाला, हेमराज, म्हणजे अंकुशचा बाप. साधनाबाईला रंजीताच्या आज्याचं नाव-गाव आता कळलं, आणि तिनं दोन कुजबुजी एकमेकींना जोडल्या. हेमराज बंगाल्याचा असेल, तर पोरगा-पोरगी एकाच आज्याची नातवंडं. असं लग्न कोण लावेल?

तीस वर्षं मी ज्या गोष्टीवर चहा प्यालो ती गोष्ट माझ्या दारात उभी राहिली, रंजीताच्या रूपानं. डोळे सुजलेले. "देवराव आजा, हे तू पसरवलं होतं?"

मी म्हणालो, "मी एकट्यानं नाई."

"मी आत्महत्या-बित्महत्या करणारी नाई. पण मी दुसऱ्याशी लग्नही करणार नाई. तू चल आजीकडे. जे माहीत आहे ते सांग."

मंगलीबाई अंगणात मोहफुलं निवडत होती. मी सगळं ओकलो. निवारण 'ती' म्हणाला होता ते, पेटी, लाडू. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नाई बोलली तर लगन मोडते. बोलली तरी मोडते. तो मले बोलू नको म्हणून गेला." संध्याकाळपर्यंत ती त्याच सुपाशी बसून होती. मग उठून कुंताला म्हणाली, "उद्या मांगूर पाहिजे. जिवंत."

सकाळी आम्ही तिघं त्याच रस्त्यानं निघालो. मंगलीबाई, रंजीता, मी. डबा तोच, आतून ढोल वाजवणारा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब प्रवास, आणि तिकीट फाडायलाही मी नव्हतो.

रंभाबाई ऐंशीच्या घरातली. डोळे मंद, जीभ तेज. साधनाबाई दारात हाताची घडी घालून. आतल्या भिंतीवर एका माणसाचा फोटो, खाटेवर उशीला टेकून बसलेला. कंबर गेलेला माणूस. पण चेहरा असा गुळगुळीत, जसा आत्ता न्हाव्याच्या खुर्चीतून उठला. आणि फोटोखालच्या फळीवर मी ओळखली ती पेटी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, की निवारणच्या स्वतःच्या दाढीला जन्मात वस्तरा लागला नव्हता.

मंगलीबाईनं डबा खाली ठेवला. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "रंभाबाई, माया नवऱ्यानं तुमच्या नवऱ्याची कंबर मोडली. दोर तुटला नव्हता."

साधनाबाईची घडी सुटली.

"कूपात, झाडं तोडतेत तिथी, सागवानाचा ओंडका ट्रकवर चढवून राह्यले होते. एका बाजूनं दोर यानं धरला होता. ओंडका घसरला. तुमचा इसरू खालून वरडला, धरा, धरा. यानं आयकलं, दाँड़ा. थांबला. हात ढिले पडले. सात वर्सं झाले होते त्याले इथी, मराठी येत होती. पण माणूस घाबरला का त्याचे कान आपल्या मायकडे धावते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "इसरूभाऊनंच साऱ्याईले सांगतलं, दोर तुटला. याले म्हणाला, तू बोलशील तर मी खोटा पडीन. म्हणून हा बोलला नाई. आता तुमाले आमची पोट्टी नको असन, तर त्या कारनानं नको म्हना. दुसऱ्या नाई."

रंभाबाई हसली. दात दोनच, पण हसली.

"मले त्याच दिवशी ठाऊक होतं वं. इसरू म्हणे, निर्वासित पोट्टा हाये, खरं सांगतलं तर मारतीन त्याले. पयले दोन महिने तो आला तं मी त्याले पाणीबी नाई विचारलं. बाहेर बसून राहे डबा घेऊन. तिसऱ्या महिन्यात मी म्हणली, या, पाणी प्या. तो म्हणते, हो, मी पाणी खाते." तिनं फोटोकडं पाहिलं. "पडल्यापासून इसरू पयल्यांदा हासला. खाट हालत होती इतका. मग म्हणे, येऊ दे याले."

साधनाबाई हळूच म्हणाली, "पण माय, लोक म्हणत होते…"

"लोक! बाई, पोट मायं हाये. फागुनात इसरू पडला, तवा मले दोन महिने गेले होते. बंगाली पयल्यांदा उंबऱ्यात आला आषाढात. हेमराज काय उलटा आला होता?"

"मग तुमी सांगतलं काऊन नाई कधी?"

"मले कोणी विचारलं? सारे मायाबद्दल एकमेकाले विचारत होते."

असं म्हणून तिनं बरोबर माझ्याकडं पाहिलं. मंद डोळ्यांची म्हातारी, पण नेम चुकला नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. ते मागच्या वर्षीचं होतं.

मग ती उठली, फळीवरून पेटी काढली, पदरानं पुसली. आत वस्तरा गंजला होता, तुरटी झिजून बोराएवढी झाली होती. मंगलीबाईसमोर येऊन तिनं पेटी पुढं केली आणि म्हणाली, "धर."

मंगलीबाईचे हात हालेनात. सत्तेचाळीस वर्षं त्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता.

"धर वं," रंभाबाई म्हणाली. "आता काई पडत नाई."

मंगलीबाईनं दोन्ही हातांनी पेटी धरली.

लग्न माघात झालं. जेवणात मासे तीन प्रकारचे होते आणि चौथा साधनाबाईनं आणला.

बल्लारपुरात निवारण मंडलची कोणी बाई नव्हती. त्याची 'ती' म्हणजे इसरू टेकाम, पुरुष. निवारणच्या हातून दोर सुटून त्याची कंबर मोडली, आणि निवारण बत्तीस वर्षं महिन्यातून एकदा जाऊन त्याला आंघोळ घालायचा आणि त्याची दाढी करून द्यायचा.